छाटणीनंतरचे सहा बुधवार : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नाशिकमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जनरल मेडिसिनची तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. घर निफाड तालुक्यात, चार एकर द्राक्षबाग. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगते, कारण या पत्रात त्या एकमेकींत गुंतल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मला रुजू होऊन काही आठवडेच झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास कॅज्युअल्टीत सुरगाण्याकडचा एक मजूर आणला. पोरसवदाच होता. चेहरा, मान, छाती लालबुंद. नाडी दीडशेला टेकलेली, बीपी ऐंशीच्या खाली, उलट्या थांबत नव्हत्या. तोंडाला दारूचा वास होता, त्यामुळे केसपेपरवर तेवढंच लिहून झालं होतं : दारू प्यायलेला. बरोबरचे दोघं कळवळून सांगत होते, "ताई, अर्धी क्वार्टरसुद्धा झाली नव्हती." मी त्याचे हात उलटे करून पाहिले. बोटांच्या बेचक्यांत लाल रंग होता. विचारलं, "पेस्टिंगला होता का?" तिघांनीही माना डोलावल्या.

साहेब, आपण द्राक्षपट्ट्यातले नसाल तर थोडं सांगते. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण लावतात. कोणती काडी झाली ते कळावं म्हणून त्यात रंग मिसळतात. आमच्याकडे याला नुसतं पेस्टिंग म्हणतात. पेठ, सुरगाणा, कळवणकडून मजुरांच्या टोळ्या येतात आणि काडी काडी करत बाग संपवतात. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि एक विकर (एन्झाइम) लगेच त्याचा निचरा करतं. पेस्टिंगचं रसायन त्या विकरालाच बंद पाडतं. मग एरवी सहज पचणारी घोटभर दारूही अंगावर उलटते. दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात, ती चालू असताना दारू घेतली की जे होतं, तेच इथे होतं. यावर खास उतारा नाही. सलाईन, ऑक्सिजन आणि उशाशी बसून लक्ष ठेवणं, एवढंच. तो मुलगा पहाटेपर्यंत सावरला.

मला हे पाठ्यपुस्तकातून ठाऊक नव्हतं. आमचे आबा दरवर्षी पेस्टिंगच्या आधी टोळीच्या मुकादमाला बजावतात, "या आठवड्यात कुणी घ्यायची नाही." ते माझ्या कानावर लहानपणापासून होतं, म्हणून मी हात पाहिले. माझ्या जागी लातूरचा किंवा नागपूरचा तितकाच हुशार सहकारी असता, तर त्याने ते का पाहावेत?

त्या रात्रीपासून प्रश्न सुटेना. एका हंगामात असे किती जण येतात? तालुक्याच्या दवाखान्यात किती जणांच्या नावापुढे नुसतं "दारू" लिहून त्यांना घरी धाडलं जातं? ज्या बायका दारूला शिवतही नाहीत, त्यांच्या हातांच्या कातडीचं काय होतं? हातमोजे कुणाला मिळतात? टोळीतल्या किती जणांना हा धोका कुणी त्यांच्या बोलीत समजावला आहे? या प्रश्नांना महागडं यंत्र लागत नाही. वही, पेन, संमतीपत्र आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले काही दिवस, बस.

ते दिवस मला मिळाले नाहीत.

एमडीला थिसिस सक्तीचा असतो. आधी विषय आणि सिनॉप्सिस (आराखडा), मग एथिक्स कमिटीची परवानगी, मग रुग्णांची माहिती गोळा करणं, ती एका तक्त्यात, म्हणजे मास्टर चार्टमध्ये, भरणं, संख्याशास्त्र आणि शेवटी परीक्षेच्या काही महिने आधी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतला ग्रंथ. मी पेस्टिंगचा विषय माझ्या मार्गदर्शक सरांकडे नेला. त्यांनी तो मोडीत काढला नाही, नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "विषय चांगला आहे, पण हंगाम एकच मिळणार, तोही दीड महिन्याचा. निफाड-दिंडोरीला जायला तुला वॉर्डातून सोडणार कोण? तुझ्या वाटचे पेशंट कोण बघणार?" त्यांचं खरंच होतं. माझ्या भल्यासाठीच त्यांनी मला ओपीडीत वर्षभर मिळेल असा विषय दिला : मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमधलं बी-१२ जीवनसत्त्व. विषय वाईट नाही. पण मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं हे जगाला आधीच माहीत आहे, आणि माझा थिसिस वाचून नाशिकच्या एकाही रुग्णाचा उपचार बदलणार नाही. तीन वर्षांतली माझी संशोधनाची एकुलती एक संधी अशी गेली.

आता जे सांगणार आहे ते आमच्यात सहसा कुणी उघड बोलत नाही. मास्टर चार्ट भरायची आमची वेळ म्हणजे इमर्जन्सी संपवून खोलीवर आल्यानंतरची. मेस नऊला बंद झालेली असते, सकाळच्या डब्यातल्या पोळ्या कडक झालेल्या असतात, खोलीतली दुसरी मुलगी नुकती झोपलेली असते म्हणून लॅपटॉपचा उजेड कमी करून बसायचं. समोर एक रिकामा रकाना. त्या रुग्णाचा रिपोर्ट लावून ठेवायचा राहिला, तो परत आलाच नाही, फोन लागत नाही. तिथे एखादा आकडा टाकला तर कुणाला कळणार आहे? मी ते रकाने रिकामे ठेवले, माझी रुग्णसंख्या घटली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. छत्तीस तास जागं असलेल्या माणसाकडून संशोधन मागितलं की आकड्यांवरचा विश्वास असाच कुजत जातो. पुढे याच आकड्यांवर कुणीतरी औषधाची मात्रा ठरवणार असतं.

कामाच्या तासांचे नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावं असं म्हटलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत "वाजवी" कामाचे तास आणि "वाजवी" विश्रांती आली. २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल देणाऱ्या आयोगाच्याच कृतिगटाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक पूर्ण सुट्टी सुचवली. ४८ वरून ७४ पर्यंत आपण खाली आलो, आणि तेही मिळालं तर निवासी डॉक्टर सुटकेचा श्वास टाकतील. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने दुसऱ्या वर्षी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता, आम्ही तिघांनी मिळून तो फाडला. पण तासांचा लढा आमच्या संघटना लढत आहेत. मला त्यातला एकच तुकडा आपल्यापुढे ठेवायचा आहे.

आठवड्यातला एक कामाचा दिवस संशोधनासाठी राखून द्या. साप्ताहिक सुट्टी त्यात मोजायची नाही. ड्युटीच्या तक्त्यात तो दिवस नावासकट छापलेला असावा, त्या दिवशी आमची जागा भरायला माणूस असावा, आणि विभागाने "आज जरा वॉर्ड बघ" म्हणून तो मोडला तर त्याची नोंद व्हावी. माणूस कुठून आणायचा, असं आपले अधिकारी विचारतील. निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांची आणि सहायक प्राध्यापकांची रिकामी पदं भरून. आज ती पोकळी आमच्या झोपेने आणि आमच्या थिसिसने भरली जाते.

विद्यार्थ्याच्या हातून असं काय मोठं होणार, असं वाटणाऱ्यांना स्वादुपिंडाची गोष्ट आठवावी. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या लहान लहान पुंजक्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय ते आपल्याला माहीत नाही, हेही त्याने लिहून ठेवलं. तो प्रबंध पुढच्यांच्या हाती लागला. त्या पुंजक्यांना त्याचं नाव मिळालं, आणि १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांच्याबरोबर नुकताच पदवीधर झालेला २२ वर्षांचा चार्ल्स बेस्ट जे शोधत होता, ते इन्सुलिन त्याच पुंजक्यांतून येत होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉर्डात आम्ही रोज वापरतो ते हेपॅरिन १९१६ मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून पुढे आलं.

आपल्या मातीतलं उदाहरण तर अधिक जवळचं आहे. विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपत राहिले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर उपयोगी ठरलं. ते बसून राहिले, पाहत राहिले, लिहीत राहिले. आज आम्हाला कशाची परवानगी नसेल तर बसून राहण्याची.

आता जिल्हा निवासी कार्यक्रमाबद्दल. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य व्यवस्थेत काढायचे, ही कल्पना मला मनापासून आवडते. मला द्राक्षपट्ट्यातलंच एक ग्रामीण रुग्णालय मिळालं, पण पाळी आली एप्रिल ते जूनमध्ये. तिथली नोंदवही मी सहज चाळली. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर "दारू, उलट्या" अशा नोंदी होत्या. त्यातल्या कितींच्या बोटांना लाल रंग होता, ते नोंदवहीतून कळायला मार्ग नव्हता. थिसिस आणि हे तीन महिने एकमेकांशी जोडले, विषयाच्या हंगामाप्रमाणे पाळी मागायची मुभा दिली आणि त्या काळात माहिती गोळा करायला मान्यता दिली, तर जादा खर्च जवळपास काही नाही. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. सुरगाण्या-पेठेतला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, मालेगावचा यंत्रमाग कामगार, इगतपुरीतल्या बाळंतिणीचा रक्तक्षय. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तिने ठरवलं. तपासणीनंतर कार्ड हातात पडलेल्या मुलीच्या लग्नाचं, औषधाचं, शाळेचं पुढे काय होतं, हे विचारायला घरोघर जाणारं कुणीतरी हवं ना?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या गावात आहे आणि आपण त्याचे प्रति-कुलपती आहात. विद्यापीठाचा परिसर म्हसरूळला, दिंडोरी-वणी रस्त्यावर. छाटणीच्या दिवसांत मजुरांनी भरलेल्या पिकअप गाड्या त्याच रस्त्याने जातात. राज्यभरातले थिसिस या विद्यापीठाच्या नावाने होतात. पीएचडीचे प्रबंध जसे 'शोधगंगा' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, तसे आमचेही सर्वांना खुले व्हावेत आणि प्रत्येकाला एक पान मराठी सारांश जोडणं बंधनकारक व्हावं. ज्या रुग्णांनी आपलं रक्त दिलं, सही किंवा अंगठा दिला, त्यांना निदान कळावं की त्यातून काय निघालं. माझ्या थिसिसमधल्या एका काकूंनी विचारलं होतं, "मग माझ्या रक्तात काय सापडलं ते मला सांगाल ना?" मी त्यांना फोन केला. सगळ्यांना करता आला नाही. आणखी एक : प्रत्येक महाविद्यालयात पगारी संख्याशास्त्रज्ञ निवासी डॉक्टरांना खरोखर उपलब्ध असावा. आज स्टायपेंडमधून बाहेरच्या माणसाला पैसे देऊन आकडेमोड करून घेतली जाते आणि ती अनेकांना कळतही नाही.

एमबीबीएसच्या मुलांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. त्यात निवड झालेल्या ज्युनिअर्सचे डोळे मी पाहिले आहेत. राज्याने आपल्या तिजोरीतून अशी छोटी योजना जिल्ह्याच्या प्रश्नांसाठी काढावी.

सिंहस्थही दारात आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रामकुंडावर आणि त्र्यंबकला जो जनसागर येईल, त्यात जुलाब, उष्माघात, श्वासाचे आजार कुठे आणि कसे वाढतात हे शास्त्रशुद्ध टिपायची संधी आमच्या पिढीला एकदाच मिळेल. पण एथिक्स कमिटीची परवानगी पर्वणीच्या आदल्या आठवड्यात मिळत नसते. निवासी डॉक्टरांना तिथे फक्त तंबूतल्या ड्युटीला उभं करू नका, आधीपासून आराखड्यात घ्या.

शेवटी एक विनंती, आणि ती माझ्यासाठी नाही, कारण मी आता परीक्षेला बसणार आहे. पहिल्या वर्षाच्या एका ज्युनिअरने पेस्टिंगचा विषय घ्यायचं ठरवलं आहे. मी तिला माझी जुनी वही दिली, आबांनी तिला तीन टोळ्यांच्या मुकादमांचे नंबर दिले. तिचे मार्गदर्शक सर तयार आहेत, प्रश्नावलीचा कोकणा बोलीतला मसुदा करायला सुरगाण्याचा एक इंटर्न तयार आहे. तिने हिशेब केला आहे : दोन ग्रामीण रुग्णालयं आणि चार गावं फिरायला तिला छाटणीपासून पुढचे सहा बुधवार लागतील. ड्युटीच्या तक्त्यात ते सहा बुधवार तिच्या नावापुढे लिहिले जातील, अशी व्यवस्था आपण कराल का?

आपली विश्वासू,
एक निवासी डॉक्टर
नाशिक