नागपूरच्या महाल भागातल्या शिलाईवाल्या ताईंना, जरा उशिराच

ताई,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही. मशीनवरून मान वर करायला तुम्हाला कुठे वेळ असतो? तुमची लेक मोबाईलवर वाचून दाखवेल. तिला म्हणावं, आजींनी लिहिलंय तसंच वाच, मधलं काही गाळू नकोस.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी तुमच्या दुकानी पहिल्यांदा आले. नवं शिवायला नाही, जुन्या ब्लाऊजच्या शिवणी उसवून घ्यायला. बडकस चौकात ई-रिक्षातून उतरले तेव्हा उजव्या हाताने डाव्या कुशीवरचं कापड चिमटीत धरून अंगापासून दूर ओढलेलं होतं. वर ऊन 45 अंशांचं. तुम्ही ओट्यावरूनच विचारलंत, "काकू, काहून असं धरून चालता? फोड आला काय?"

मी म्हटलं, फोड होते, आता नाहीत. नागीण झाली होती फेब्रुवारीत.

हे सांगितलं की लोक दोनपैकी एक बोलतात हे मला तोवर पाठ झालं होतं. एक तर "बाई गं, वाचलात तुम्ही!" नाहीतर "मग आता काय दुखतंय?" तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. गळ्यातली टेप काढलीत आणि म्हणालात, "कुठून कुठवर दुखून राहिलं, दाखवा."

ताई, तीन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तुम्हाला तेव्हा सगळं सांगायला जमलं नाही, गिऱ्हाईकं उभी होती. तर ऐका. आधी नुसतंच दुखायला लागलं, डाव्या बरगडीखाली, पाठीपासून छातीपर्यंत. अंगावर काहीच नाही. मला वाटलं, माळ्यावरची परात काढताना लचक भरली. बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी घेतली. डावी बाजू म्हणून मुलगा घाबरला, ईसीजी काढून आणला. तो चांगला निघाला. चौथ्या दिवशी लाल चट्टा उठला आणि त्यावर साबुदाण्यासारखे पाण्याचे फोड, घोसाघोसाने. शेजारणीने पदर बाजूला करून पाहिलं आणि लांबूनच म्हणाली, "नागीण आहे जी ही."

त्यानंतरचे चार दिवस माझ्या मूर्खपणाचे. कोणी गेरू लावायला सांगितला, लावला. कोणी उमरेडकडच्या एका उतरवणाऱ्याचं नाव काढलं. कोणी म्हणालं, नागद्वारचा नवस बोला, श्रावणात पचमढीला जाऊन फेडा. आणि सगळ्यांचं एकच, विळखा पूर्ण होऊ देऊ नका, तोंडाला शेपूट लागली की माणूस गेला. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं हो! आणि रात्री आरशासमोर उभी राहून बोटांनी मोजत होते, शेपूट कुठवर आली. भीती डिग्री पाहत नाही.

धंतोलीतल्या डॉक्टरांकडे पोचले तेव्हा पुरळ उठून पाचवा दिवस होता. विषाणूवरचं औषध पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यांत चांगलं, हे तिथे कळलं. तरी नवे फोड येतच होते, वय 71, वर शुगर, म्हणून त्यांनी दिलंच. 800 मिलीग्रॅमची एसायक्लोव्हिर, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. तीन-साडेतीन आठवड्यांत खपल्या पडल्या. घरच्यांनी सुस्कारा सोडला. सुनेने त्या दिवशी शिरा केला.

दुखणं मात्र शिरा खाऊन गेलं नाही.

ते कसं होतं हे सांगायला तुमच्यासमोरही शब्द सापडला नव्हता. तापलेलं उलथणं कोणी कातडीला टेकवून ठेवल्यासारखं, आणि मधूनच करंट मारल्यासारखी कळ. त्यात विचित्र असं की हात दाबून धरला तर चालायचं, पण पदर नुसता घासला तर जीव जायचा. कूलरचा वारासुद्धा टोचायचा! नागपूरच्या मे महिन्यात कूलरपासून पळणारी बाई म्हणून घरात माझी चेष्टा झाली. मी मागच्या खोलीत, घामाने निथळत, पुठ्ठ्याने पायांवर वारा घेत बसायची. मुलगा वाईट नाही, पण तो म्हणायचा, "आई, आरशात बघ, आता काहीच नाही." खरंच काही नव्हतं, थोडे काळपट डाग सोडले तर. घराजवळच्या एका डॉक्टरांनी, त्यांचं नाव नको, वर न बघता सांगितलं की जखम भरलीय, आता वयाप्रमाणे थोडं चालायचंच. मग मी सांगणंच बंद केलं. लग्नाला नाही, भजनाला नाही, कोणी आलं की गाऊनवर शाल आणि खोटं हसू.

आणि तुम्ही टेप लावली. पाठीच्या कण्यावर टोक धरलंत आणि हळूहळू पुढे आणत विचारत राहिलात, "इथं? इथं बी?" टेप अंगाला टेकू दिली नाहीत, बोटभर वर धरलीत. छातीच्या मधोमध मी म्हटलं, बस, इथून पुढे नाही. तुम्ही टेपकडे पाहिलंत. "बरोब्बर अर्ध्यात थांबली, काकू. वहीत घडी घालतो तशी." ताई, तुम्ही शिवणाऱ्या, पण जी गोष्ट मला डॉक्टरांच्या चित्रातून समजली नव्हती ती त्या टेपवर दिसली. लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मणक्याजवळ मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो. माझ्या कांजण्या 1962 च्या. गावी आजीने कडुलिंबाचा पाला अंथरला होता आणि घरात "माय आली" म्हणून फोडणी बंद होती. बासष्ट वर्षांनी तोच विषाणू उठला आणि एका तंतूच्या वाटेने कातडीवर आला. प्रत्येक तंतूची वाट एका बाजूची, कण्यापासून निघते आणि मध्यरेषेला संपते. म्हणून विळखा पुरा होत नाही. आणि कोणाची प्रतिकारशक्ती फारच ढासळली, पुरळ अंगभर पसरलं, तर ते दवाखान्यात भरती होण्याचं कारण, शेपटीचा त्यात काही संबंध नाही.

मी तुम्हाला म्हटलं, ढिला करून द्या, खूप ढिला. तुम्ही मान हलवलीत. "ढिलं घासते, काकू. अंगाला धरून असलं तं हालत नाही." मला पटलं नव्हतं, खरं सांगते. पुढच्या खेपेला धंतोलीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले, टेलरबाईंचं बरोबर आहे.

तो पहिला ब्लाऊज माझ्या कपाटात आहे. खालचा बेल्ट तुम्ही डाव्या बाजूने काढूनच टाकला आणि तिथे धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या मलमलची दुहेरी पट्टी लावलीत. ओव्हरलॉकचा खरखरीत धागा कुठेच नाही. आणि बगलेची शिवण उलटी घातलीत, शिवणीचं जास्तीचं कापड बाहेरच्या अंगाला. "माया आत नाही ठेवत, बाहेर सोडतो," म्हणालात आणि दिसायला वाईट नको म्हणून तिच्यावर बारीक पायपिंग फिरवलंत. जून महिन्यात भाचीच्या लग्नात तो घालून मी तीन तास बसले. दोघी जणींनी विचारलं, हे डिझाईन कुठून करून घेतलं? मी काय सांगणार?

पैसे विचारले तर म्हणालात, "चालला तं द्या, नाही तं नाही."

तुमच्या ब्लाऊजने दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही तशी जाहिरात करू नका. तीन महिन्यांच्या वर टिकणाऱ्या या दुखण्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. विषाणू जाताना तंतू दुखावून ठेवतो, आणि तो तंतू विनाकारण ओरडत राहतो. साध्या वेदनाशामक गोळ्या त्याला पुरत नाहीत. मला प्रीगॅबॅलिन सुरू केली, आधी रात्रीची लहान गोळी, मग हळूहळू वाढवत. तिने झोप लागली, पण पहिल्या आठवड्यात पहाटे बाथरूमला उठले तर भिंत फिरली, नळाला धरलं म्हणून वाचले. या वयात नागिणीपेक्षा खुब्याचं हाड मोडायची भीती जास्त. तेव्हापासून रात्रीचा दिवा लावते, आणि पलंगावर दोन मिनिटं बसल्याशिवाय उठत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलमही असतं या दुखण्यावर. भिवापूरच्या मिरचीवर वाढलेल्या बाईला मिरची औषध म्हणून चोळायची, मी नको म्हटलं.

पण हे सगळं औषध घ्यायला मी परत डॉक्टरांकडे गेले, ती तुमच्यामुळे. तुमच्याकडून आल्यावर रिक्षातच ठरवलं होतं, की टेपने मोजता येतं म्हणजे ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून नेलं, कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत चौदा इंच, चार बोटं रुंद. डॉक्टरांनी तो कागद फाईलला लावला.

आता तुमचे दोन प्रश्न. तेव्हा घाईत धड उत्तर दिलं नव्हतं.

एक, "लागते काय हो ही?" तुमची धाकटी तेव्हा तिथेच चिंध्यांत खेळत होती, म्हणून विचारलंत, बरोबरच केलंत. नागिणीपासून नागीण होत नाही. पण फोडांत पाणी असतं तोवर ते ज्याला कांजण्या झाल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला लागलं तर कांजण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवायचे आणि तान्ही बाळं, गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं. मी तुमच्याकडे आले तेव्हा ते दिवस कधीच गेले होते.

दोन, तुमच्या आईला ही होऊ नये म्हणून काय करायचं. त्या 68 च्या, त्यांनाही शुगर. नागिणीची लस आहे, ताई, 2023 पासून भारतात मिळते. 50 च्या पुढच्यांसाठी, दोन डोस, मध्ये 2 ते 6 महिने. महाग आहे, माझ्या पेन्शनलाही जड गेली. एक-दोन दिवस दंड दुखतो, कणकण येते. झालेलं दुखणं तिने बरं होत नाही, पुन्हा होऊ नये म्हणून मी घेतली. आईच्या डॉक्टरांना विचारा. आणि लस नाही जमली तरी एवढं लक्षात ठेवा, एकाच बाजूला आग आणि मग फोड दिसले की गेरू नको, त्याच दिवशी दवाखाना. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर तासाभराचाही उशीर नको, तिथे नजरेचा प्रश्न असतो.

गेल्या वर्षी मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, ब्लाऊज न्यायला आले आणि गर्दीत अडकले. तुम्ही मला आत ओढून मशीनमागच्या स्टुलावर बसवलंत, कोणाचा धक्का लागू नये म्हणून स्वतः दारात उभ्या राहिलात. बाहेर पोट्टे ओरडत चालले होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" तुम्ही मागे वळून म्हणालात, "काकू, तुम्ही बी ओरडा न." मी ओरडले. बहात्तरीला टेकलेली बाई, नागपुरात राहून नागिणीला घालवायला मारबतीला हाका मारते! मारबतीने सगळी नेली नाही. पण दुखणं दहापैकी नऊ असायचं ते आता तीनवर आहे, आणि काही दिवस तर दुपारपर्यंत आठवतही नाही. कूलर परत माझ्या खोलीत आलाय, तोंड मात्र भिंतीकडे.

तुमच्या मागच्या शिलाईतले 40 रुपये माझ्याकडे राहिलेत, सुटे नव्हते म्हणून.

बुधवारी येते. इतवारीतून पिवळं सुती कापड घेऊन ठेवलंय, पोळ्याच्या आत पाहिजे. गळा मागच्यापेक्षा अर्धा इंच वर घ्या, आणि डावी शिवण अजून उलटीच असू द्या.

तुमच्या काकू