दोन्ही गुडघ्यांचे पट्टे

हिलो, हवाई, मंगळवार रात्र

चि. सोन्या, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, साठीला आल्यावर पुन्हा हुला नाच कशाला? गुडघे सांभाळ." तेव्हा हसण्यावारी नेलं. आता गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसलेय, हात मोकळे आहेत, म्हणून लिहिते.

तू तीन वर्षांचा होतास तोवर मी हालाउत, म्हणजे हुलाच्या शाळेत, जायचे. एकावर एक बसवलेल्या दोन भोपळ्यांचा तो ढोल, इपु हेके, आठवतो? चटईवर आपटला की 'ऊ', बोटांनी थापटला की 'ते'. ऊ ते, ऊ ते ते. घरी येऊन तू तेच कुकरच्या डब्यावर बडवायचास. मग तुझी शाळा आली आणि माझं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मीच सोडलं. आपण सांगलीकडची माणसं, दुसऱ्यांच्या देवांपुढे पाऊ, तो हुलाचा घागरा, नेसून काय नाचायचं, असं वाटायचं.

गेल्या सोमवारी पुन्हा हालाउच्या दाराशी उभी राहिले. आत घ्या म्हणून ओली, म्हणजे मंत्र, म्हणायचा, आतून उत्तर येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. मला अर्धाच आठवला. आत गप्पच. पावसात भिजत पुन्हा पहिल्यापासून म्हटला, तेव्हा कुठे उत्तर आलं.

उवेहे नावाच्या पावलात टाचा उचलून दोन्ही गुडघे एकदम बाहेर काढायचे असतात. माझा एकच निघाला. शेजारची आजी पंचाहत्तरीची, तिचे दोन्ही निघाले.

तरुणपणी मी हात मोजून शिकले होते: डावा, उजवा, वर. आताच्या कुमू, म्हणजे गुरुबाई, आधी शब्दांचा अर्थ विचारतात, मग हात. इथे गावागावाच्या पावसाला नाव असतं. हिलोचा पाऊस कानिलेहुआ, लेहुआच्या फुलांत सळसळणारा. आपल्या कानिलेहुआ रस्त्यावरून मी तीस वर्षं भाजी आणली रे, आणि त्या पाटीवर पाऊस लिहिलाय हे आत्ता कळतंय! बोटं हलवत हात वरून खाली आणायचे. मी जरा जोर लावला, तर कुमू म्हणाल्या, "हा पूर झाला."

हवाईयन नसताना मी हे करावं का, असंही तू विचारलंस. मीही कुमूंना विचारलं. 1830 मध्ये राणी काअहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली, 1883 मध्ये कालाकाउआ राजाच्या राज्याभिषेक सोहळ्यात हुला राजरोस परत आली. मधली पन्नास वर्षं लोकांनी ती आडोशाला जपली. एवढं सांगून म्हणाल्या, "तू कुठली आहेस ते दिसतंय मला. शब्द नीट म्हण." मग मी गप्प बसून पाठ करायला घेतलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मेरी मोनार्क, हुलाचा महोत्सव, आहे. आम्ही नाचणार नाही, बघणार आहोत. तिकीट आत्ताच काढ, तेव्हा हिलोत पाय ठेवायला जागा नसते. येताना गुडघ्याचा पट्टा आण. एक नको, दोन आण.

तुझी,
आई