यखन्याच्या नावाशी थोडा थांब

प्रिय आनंद,

सप्रेम सलाम.

काल फोनवर तू म्हणालास, नाताळच्या उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचायची पाळी तुझ्यावर आली आहे आणि पहिली १७ वचनं, म्हणजे येशूची वंशावळ, गाळावीत असं तुझ्या मनात आहे. मी घाईत होतो, नीट बोलता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसलो. गाळू नकोस रे.

शब्बाथशाळेत आपण 'अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला' हे पाढ्यांसारखं म्हणायचो. त्या 'झाला'मध्ये किती वर्षं दडली आहेत, हे तेव्हा कुठे कळत होतं! देवाने वचन देऊन बोलावलं तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा १००. पंचवीस वर्षांची वाट त्या एका शब्दात आहे. या यादीतल्या बायका, तामार, राहाब, रूथ, यांच्याविषयी तू मुलांना शिकवतोसच, ते इथे लिहीत नाही. मला लिहायचंय ते यखन्याबद्दल.

दावीद राजाला देवाने शब्द दिला होता की तुझं घराणं कायम राहील. त्याच घराण्यातला हा यखन्या, म्हणजे राजांच्या पुस्तकातला यहोयाखीन, १८व्या वर्षी गादीवर बसला आणि तीन महिन्यांत बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याचा कैदी झाला. साल इ.स.पू. ५९७. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात देव त्याच्याविषयी काय म्हणतो ते वाच: तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास, तरी तुला उपटून टाकलं असतं. आणि पुढे, या माणसाची नोंद निःसंतान अशी करा, त्याच्या वंशातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. दावीदाच्या घराण्याचा शेवट इथेच झाला असं कुणालाही वाटलं असतं. स्तोत्र ८९ मध्ये तर सरळ देवालाच विचारलंय की तुझा करार गेला कुठे.

आता ऐक. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात जर्मन संशोधकांना मातीच्या लेखपट्ट्या सापडल्या. १९३९ साली त्या वाचून प्रसिद्ध झाल्या. कोठारातून कुणाला किती शिधा दिला, याचा तो हिशेब. त्यात तेल मिळणाऱ्यांमध्ये यहूदाचा राजा यहोयाखीन आहे आणि त्याचे पाच मुलगे आहेत. एका पट्टीवरचं साल निघतं इ.स.पू. ५९२. ज्याला निःसंतान लिहा म्हटलं होतं, त्याची पाच मुलं शत्रूचाच कारकून मोजतोय, आणि शत्रूच्याच कोठारातल्या तेलावर दावीदाचा वंश जगतोय! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

पुढे इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा याच यखन्याच्या नातवाला, जरूब्बाबेलाला, देवाचा निरोप सांगतो: मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. आजोबाच्या वेळी उपटलेली तीच अंगठी. त्या शापाचा उलगडा लोक वेगवेगळा करतात. ही वंशावळ मरियेचा नवरा योसेफ याच्यापर्यंत येते, पण येशू योसेफाच्या रक्ताचा नव्हता, म्हणून शाप त्याला लागला नाही, असंही म्हणतात. मला मात्र वाटतं, देवाने स्वतःच ती शिक्षा मागे घेतली. नाहीतर त्याने नेमका अंगठीचाच शब्द पुन्हा का उच्चारला असता?

जरूब्बाबेलानंतर अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक, याखीम... यांच्याबद्दल मत्तय नावापलीकडे काही सांगत नाही. ना गादी, ना पराक्रम. वचन पुरं झालेलं त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही, तरी प्रत्येकाच्या नावापुढे 'झाला' आहेच.

म्हणून ही नावं घाईने उरकू नकोस. ११व्या वचनात यखन्या येतो, तिथे क्षणभर थांब आणि मग बाराव्याकडे वळ. बाबेलला नेल्यावर यखन्याला शल्तीएल झाला, हे शब्द सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचतील असे वाच.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. उपासना झाली की रात्री फोन कर, मी वाट पाहतो.

तुझा,
विजय