आठ अधिक आठ म्हणजे सोळा नव्हे

विश्रामबाग, सांगली
रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला दोन फोनांचा तक्ता बघितला. वीसपैकी सोळा ओळींत पहिला फोन पुढे आहे, तरी मी तुला दुसरा घे म्हणेन. का, ते नीट लिहिते. दुकानात जाशील तेव्हा हे पत्र जवळ असू दे.

तुझा जीव पहिल्याच्या ‘8+8 जीबी रॅम’वर बसलाय, म्हणून तिथूनच सुरू करते. त्यातली खरी रॅम, म्हणजे चालू कामं ठेवायची जलद जागा, आठच. पुढचे आठ म्हणजे स्टोरेजमधली जागा, रॅम कमी पडली की फोन तिथे सामान टाकतो. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पट हळू असतं, त्यामुळे अ‍ॅप बंद पडायच्या ऐवजी रेंगाळत उघडतं, एवढाच फायदा. दुसऱ्यात सरळ आठ लिहिलंय, म्हणजे इथे दोघं सारखेच. रॅमपेक्षा स्टोरेज कुठल्या जातीचं आहे ते बघावं. ईएमएमसी 5.1 असेल तर त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला 400 एमबी, शिवाय एका वेळी एकतर वाचणार नाहीतर लिहिणार. यूएफएस 2.2 हजाराच्या आसपास जातं आणि दोन्ही कामं एकदम करतं. तुझ्या दोन्ही फोनांत यूएफएस 2.2 आहे, चालेल. 128 जीबीतले वापरायला शंभरच्या आसपास मिळतात, आणि स्टोरेज गच्च भरलं की कुठलाही फोन रखडतो. वीसेक जीबी कायम मोकळे ठेव.

आता जी ओळ तुझ्या तक्त्यात नाहीच, ती. अपडेट. पहिल्या फोनला अँड्रॉइडच्या दोन नव्या आवृत्त्या आणि तीन वर्षं सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, असं कंपनी सांगते, पण ती तीन वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तू विकत घेतलास त्या दिवसापासून नाही. तो येऊन दीड वर्ष झालं. म्हणजे तुझ्या वाट्याला उरलं दीड. स्वस्त झालाय तो उगीच नाही! दुसऱ्याला सहा वर्षं आहेत आणि तो यंदाचाच आहे. यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप ज्या फोनवर चालवायची, त्याला पॅच येणं थांबलं की तो चालता असूनही म्हातारा झाला समज. दुकानातल्या डेमो फोनवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघड आणि शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख बघ. चार-पाच महिने जुनी असेल तर कंपनीचा शब्द कितपत खरा त्याचा थोडा अंदाज येतो.

नेटवर्कचं थोडक्यात सांगते. आपल्याकडचं 5जी मुख्यतः एन78 बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर), म्हणजे 3300 मेगाहर्ट्झच्या वर. वेग भरपूर, पण भिंत आणि डोंगर आडवा आला की दम सुटतो. जिओकडे 700 मेगाहर्ट्झचा एन28 पण आहे, तो लांब पोचतो आणि घरात शिरतो. दोन्ही फोनांत हे दोन्ही बँड आहेत. मात्र दहा हजारांतला फोन बघणाऱ्या तुझ्या रूममेटला सांग, स्नॅपड्रॅगन 4एस जेन 2 ही चिप फक्त एसए पद्धतीचं, म्हणजे 4जीच्या आधाराशिवाय चालणारं 5जी पकडते. जिओचं 5जी पहिल्यापासून एसए आहे, एअरटेलनं सुरुवात एनएसएवर, म्हणजे 4जीच्या आधारानं चालणाऱ्या पद्धतीवर केली. जिथे एनएसएच आहे तिथे एअरटेलचं सिम त्या फोनमध्ये 4जीच दाखवणार. तुझ्या तळमजल्याच्या खोलीत रेंज येत नाही, त्याला उपाय वायफाय कॉलिंग, म्हणजे वायफायवरून नेहमीचा फोन लावणं. ते तुझ्या सिमवर चालतं का, एवढं विचारून घे.

कॅमेऱ्यावर जरा जास्त लिहिते, कारण तुझं काम पानांवरच्या रोगांचं. पहिल्याचे 108 मेगापिक्सेल म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. नेहमीच्या फोटोत नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून शेवटी 12 मेगापिक्सेलचंच चित्र बनतं. दुसऱ्याचे 50 असले तरी चार-चार एकत्र होऊन साडेबाराचं बनतं. फरक पडतो तो ओआयएसनं, आणि ते दुसऱ्यात आहे. आतली भिंग बारीक हलून हाताची थरथर सावरून घेतात, त्यामुळे संध्याकाळी मांडवाखाली उजेड कमी असला तरी फोटो सहसा हललेला येत नाही. पहिल्याचा 2 मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा यादी लांबवायला दिलेला असतो. त्याचा फोकस साधारण चार सेंटिमीटरवर पक्का बसवलेला, आणि एवढ्या जवळ गेलास की फोनचीच सावली पानावर पडते. द्राक्षाच्या पानामागची डाऊनी रोगाची पांढरी बुरशी टिपायची तर मुख्य कॅमेरा वीतभर लांब धर, 2एक्स झूम कर, डागावर बोट टेकवून फोकस घे आणि पान स्वतःच्या सावलीत ठेव, उन्हात पांढऱ्यावर पांढरं उडून जातं. दुकानात जाताना खिशात एक पान घेऊन जा, कढीपत्त्याचं चालेल. दोन्ही फोनांवर असाच फोटो काढ. दुकानदार हसेल, हसू दे.

ओआयएसचं एक दुखणं पण आहे. मोटारसायकलच्या हँडलवर फोन घट्ट आवळलास तर इंजिनच्या थरथरीनं तीच हलती भिंग बिघडू शकतात. अ‍ॅपलनं 2021 मध्ये आयफोनबद्दल असाच इशारा दिला होता. कोयनेकडे जाताना फोन खिशात ठेव आणि रस्ता कानात ऐक.

स्क्रीनच्या ‘2000 निट्स’वर (उजेडाच्या मापावर) जाऊ नकोस. तो आकडा पडद्याच्या चिमूटभर भागाचा, तोही क्षणभराचा. ‘हाय ब्राइटनेस’चा आकडा वेगळा दिलेला असतो, तो खरा. नाहीतर फोन घेऊन दुकानाच्या दारात उन्हात उभा राहा. दुसऱ्याचा अ‍ॅमोलेड तिथे पहिल्याच्या एलसीडी पडद्यापेक्षा उजवा दिसेल, पण फुटला तर पॅनेल बराच महाग पडतो. काच आणि कव्हर त्याच काउंटरवर बसवून घे.

चार्जिंगमध्ये मात्र पहिलाच सरस, 67 वॉट आणि चार्जर डब्यात. पण तो वेग त्याच्याच चार्जरवर. दुसऱ्या बहुतेक चार्जरवर तो बराच खाली उतरतो. दुसऱ्याला 25 वॉटच, तोही पीडी-पीपीएस (जलद चार्जिंगची एक पद्धत) लिहिलेल्या चार्जरवर, आणि चार्जर वेगळा घ्यावा लागतो. किमतीत ते पैसे धर.

पावसाचं बघ. आयपी म्हणजे धूळ-पाणी सोसण्याची पायरी. पहिला आयपी54 म्हणजे शिंतोडे सोसणार. दुसरा आयपी67, म्हणजे साध्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास. तरी पाणी शिरलं तर वॉरंटीत सहसा धरत नाहीत, आणि फोन एकदा उघडला की सील पहिल्यासारखं राहत नाही. पोर्ट ओला असताना चार्जर लावायचा नाही. तांदळात फोन पुरायचा नाही, पीठ आत जातं.

पैशांचं. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज सवलत म्हणून वजा होतं, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुझ्याच माथी. साडेसातशे व्याज असेल तर 135 रुपये, वर 199 ची प्रोसेसिंग फी असेल तर जीएसटीसह 235. म्हणजे 370 रुपये गेले. रोख घेणं परवडतंय, रोखच घे.

सील तुझ्यासमोर फोडायला लाव. *#06# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्यावर आणि बिलावर तोच आहे का बघ. KYM, मधे जागा, मग ते पंधरा आकडे, असा मेसेज 14422 वर पाठवलास की सरकारी नोंदीतलं उत्तर येतं. आयएमईआय छापलेलं जीएसटी बिलच घे. फोन चोरीला गेला तर तो संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायला तोच नंबर लागतो. एक कॉल लावून फोन कानाला धर, पडदा लगेच विझला पाहिजे. नकाशा उघडून जागेवर गोल फिर. बाण तुझ्याबरोबर फिरला नाही तर होकायंत्र नाही किंवा बिघडलंय. आणि कंपनीच्या साइटवर 415001 हा पिनकोड टाकून साताऱ्यात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का ते आजच बघ. नसेल तर मला कळव, मग पुन्हा विचार करू.

जुना फोन एक्स्चेंजला देण्याआधी त्यातलं गूगल अकाउंट काढ आणि मगच रीसेट कर, उलटं केलंस तर फोनला कुलूप लागू शकतं.

पानाचे दोन्ही फोटो मला पाठव, पण डॉक्युमेंट म्हणून. नुसते फोटो म्हणून पाठवलेस तर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून टाकतं आणि दोन्ही सारखेच दिसतात.

तुझी,
आई