आप्पा, तुम्ही तो स्टॅम्पपेपर वाचला म्हणून

आप्पांना सप्रेम नमस्कार,

तुम्हाला घरी येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच पोरांच्या अभ्यासाचं विचारता नि विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं म्हणजे आपल्या सावदा, फैजपूर, रावेरकडच्या कितीतरी घरातला माणूस केळीच्या गाडीवर दिल्लीकडे जातो, त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं असं फार वाटतं.

पोरांचे पप्पा गेले तेव्हा 35 वर्षांचे होते. भरलेली गाडी शिवपुरीच्या अलीकडे पलटी झाली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही, तुम्हाला सगळं माहीतच आहे.

गंधमुक्ती झाली नाही तोच गाडीमालकाचा माणूस कागद घेऊन आला, 3 लाख रोख देतो म्हणे, कोर्टात गेलात तर वर्षं जातील नि हातात काही पडणार नाही. घरात तेव्हा काय परिस्थिती होती ते तुम्ही बघितलंय, किराण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, आणि दारावर आलेले नातेवाईक पण म्हणायला लागले की मिळतंय ते घेऊन टाक. पेन माझ्या हातात दिलेला होता. तुम्ही कोपऱ्यात बसलेले, उठून आले, तो स्टॅम्पपेपर मागून घेतला आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. खाली लिहिलं होतं की यापुढे वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही. तुम्ही त्या माणसाला एवढंच म्हटलं, "भाऊ, माणूस कामावर असताना गेलाय, त्याची भरपाई कामगार भरपाईच्या कमिशनरकडे जमा करावी लागते, परस्पर देऊन मिटत नाही आणि हक्क सोडला असं लिहून घेतलं तरी कायद्यात ते टिकत नाही." आवाज चढवला नाही, काही नाही. तो माणूस कागद घेऊन गेला.

मग तुम्ही मला ओट्यावर बसवून जे समजावलं ते मी इथं माझ्या शब्दात लिहिते, चुकलं तर तुम्ही खाली दुरुस्त करा. आमचं प्रकरण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या आधीचं म्हणून 1923 चा कर्मचारी भरपाईचा कायदा लागला. त्यात मयत कामगाराच्या पगाराच्या निम्मे धरून वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, 35 वर्षांना तो आकडा 197.06 आहे, आणि पगार कितीही जास्त असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त 15 हजारच धरतात. यांचा पगार 18 हजार होता, म्हणजे 7,500 गुणिले 197.06, एकूण 14,77,950. तुम्ही हे वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की 3 लाख म्हणजे काय होते.

मालकाने भरपाईच्या नोटिशीला उत्तर दिलं की पगार 10 हजारच होता, बाकीचा ट्रिपचा भत्ता. प्रवासाचा भत्ता पगारात धरत नाहीत हे त्यांना बरोबर माहीत होतं. मला वाटलं आता पगार सिद्ध होईपर्यंत एक रुपया मिळायचा नाही. पण तुम्ही म्हणाले, अगं तो जेवढं कबूल करतोय तेवढं तर त्याला आधी भरावंच लागेल, वाद राहिला तो वरच्या रकमेचा, तो चालत राहील. आणि खरंच कायद्यात तशी सोय आहे, कबूल केलेली रक्कम तात्पुरती म्हणून जमा करायची आणि ती घेतल्याने पुढचा दावा बुडत नाही. 10 हजारांच्या हिशेबाने 9,85,300 होतात, ते जळगावच्या कामगार न्यायालयात, म्हणजे कमिशनरकडे, जमा झाले. त्याच्याही आधी तुम्ही मालकाला गाठून त्याच्याच 10 हजारांच्या हिशेबाने तीन महिन्यांचा पगार आगाऊ द्यायला लावला, पावतीवर "भरपाईतून आगाऊ" असं लिहूनच घेतलं, नंतर ते कापून घेतात म्हणून. त्या 30 हजारांवर आमचं घर उभं राहिलं आप्पा. पोरीची शाळा सुटली नाही ती त्या पैशाने. नंतरचे लाख मोठे दिसतात पण त्या वेळच्या 30 हजारांची किंमत मलाच माहीत.

अर्जात तुम्ही सासूबाईंचं नाव माझ्या नावाबरोबर टाकायला लावलं, विधवा आई पण वारस असते म्हणून. म्हाताऱ्या माणसाला धास्ती असते की सून पैसे घेऊन माहेरी जाईल, ती त्या दिवशी गेली, आमच्या दोघींमधे जो अबोला आला होता तोही गेला. पोरांचा हिस्सा कमिशनर साहेबांनी बँकेत ठेवायला लावला, ते बरंच झालं.

आता राहिलेल्या 4,92,650 ची केस चालू आहे आणि त्यावर महिन्याच्या आत न भरल्याबद्दल 12 टक्के व्याज आपण मागितलंय. यांची डायरी तुम्हीच ट्रंकेतून काढायला लावली होती. निळ्या पेनाने प्रत्येक ट्रिपचं डिझेल, टोल, भत्ता वेगळा मांडलेला, आणि फोनपेवर दर महिन्याला 18 हजार वेगळे आलेले. दोन्ही शेजारी ठेवलं की भत्ता पगारात नव्हता हे दिसतं. आयुष्यभर ट्रान्सपोर्टात हिशेब लिहिलेल्या माणसाशिवाय हे कोणाला सुचलं असतं?

तुम्ही जळगावला येण्याजाण्याचं एसटीचं भाडं पण घेतलं नाही. तुमच्या गुडघ्याचा त्रास मला दिसत होता, तरी वकिलांच्या टेबलाशी तासतास उभे राहिले. मला मोठा भाऊ नाही, एवढंच म्हणते.

आणि आप्पा, रावेरच्या एक ताई आहेत, त्यांच्या मिस्टरांना जाऊन वर्ष व्हायला आलंय आणि अजून अर्जच केलेला नाही. दोन वर्षांची मुदत असते हे मी त्यांना सांगितलं, पगाराचे पुरावे गोळा करायला लावलेत. रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येते. डबा मी आणतेय, काकूंना सांगा स्वयंपाक करू नका.

तुमची,
सावद्याची लेक