तलावपाळीवरचा तास

सणासुदीची खरेदी वाढल्याच्या आनंदी बातम्या वाचल्या. खरेदी वाढली की राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा वाढतो; पण हे गणित मांडणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की त्या आकड्यावरून लोकांचं कल्याण ताडता येत नाही. वागळे इस्टेटमधल्या नोकरीनं माझं घर चालवलं, हे नाकारत नाही. (ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेला मिक्सर अजून चालतोय!) पण निवृत्तीनंतर जीव रमतो तो मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर आणि १८९३ पासून चालत आलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. तिथे तासभर बसलं तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात एका पैशाचीही भर पडत नाही. घोडबंदरच्या टॉवरांच्या जाहिरातींत क्लबहाऊस दिसतं, वाचनालय शोधावं लागतं. महापालिकेनं तिकडे प्रत्येक प्रभागात निदान एक वाचनालय आणि सावलीत चार बाकं द्यावीत.

– एक निवृत्त कामगार, नौपाडा, ठाणे