चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नागपुरात सातवी-आठवीला विज्ञान शिकवते आणि एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे म्हणून लिहितेय. पोर्शन मागे राहिला की सगळ्यात आधी चित्रकलेचा तास जातो. कधी गणिताला, कधी इंग्रजीला, आणि खोटं कशाला बोलू, मी पण तो मागून घेतलाय. आता नाही घेणार, कारण मागच्या हिवाळ्यात जे बघितलं ते विसरताच येत नाही.

पानाचे भाग शिकवायचे होते, मी म्हटलं आधी संत्र्याच्या पानाचं चित्र काढा. सगळ्या वर्गानं एकच पान काढलं, टोकदार, मधे शीर, खाली सरळ देठ. ते संत्र्याचं नव्हतं, आंब्याचं नव्हतं, कशाचंच नव्हतं. आणि ही नागपूरची मुलं, काहींच्या मामाचे काटोल-नरखेडकडे संत्र्याचे बगीचे आहेत! दोन दिवसांनी एक मुलगा फांदीच घेऊन आला, मी चित्रकलेच्या सरांना वर्गात बोलावलं, प्रत्येकाला एक पान दिलं. सर म्हणाले वीस मिनिटं बोलायचं नाही, खोडरबर नाही, कागदाकडे कमी बघा आणि पानाकडे जास्त.

थोड्या वेळानं मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी हात वर करत नाही, ती म्हणाली, "मॅडम, इथे सांधा आहे ना जी." खरंच असतो, देठ पात्याला जिथे मिळतो तिथे, आणि देठाच्या दोन्ही बाजूंना बारीकशी पंखासारखी कड पण असते, या सांध्यामुळेच वनस्पतीशास्त्रात त्याला एकाच पर्णिकेचं (म्हणजे एकाच छोट्या उपपानाचं) संयुक्त पान म्हणतात. मग कोणीतरी पान खिडकीच्या उजेडात धरलं तर त्यात बारीक बारीक ठिपके चमकले. त्या तेलाच्या ग्रंथी, पान चुरगाळलं की वास येतो तो त्यांचाच. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर परीक्षेपर्यंत राहिलं असतं, पण स्वतःच्या पेन्सिलीनं सापडलेलं ती पोरगी आजही दुसऱ्यांना दाखवते.

नंतर सरांनी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्राचा, मोठा प्रिंट आणला आणि फक्त विचारलं, काय दिसतं? एकजण म्हणाला तो उदास आहे. कशावरून? डोळे खाली झुकलेत. दुसरी म्हणाली नाही, उदास माणूस फूल इतकं हलक्या हातानं धरेल का, तो विचार करतोय. अर्धा तास चालला वाद, आणि प्रत्येकाला चित्रात बोट ठेवून दाखवावं लागत होतं. कशावरून म्हणतोस, ही सवय मला प्रयोगवहीत हवी असते, ती मिळाली चित्रासमोर.

ही पद्धत काही आमची नाही. अमेरिकेत फिलिप येनवाइन आणि अ‍ॅबिगेल हौसेन यांनी असेच साधे प्रश्न विचारत चित्रं बघायची पद्धत बसवली. येल विद्यापीठात तर डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये नेऊन जुनी पेंटिंग्ज बारकाईनं बघून वर्णन करायला लावलं, आणि पेशंटच्या फोटोतले बारकावे टिपण्यात ती मुलं इतरांपेक्षा पुढे निघाली, हा अभ्यास २००१ मध्ये छापून आलाय. १९०६ चं नोबेल मिळालेले स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल मेंदूतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून हातानं काढायचे. म्हणजे चित्र काढणं हे हुशार मुलांचा वेळ घालवणं नव्हे, पालकांना मला हेच सांगायचंय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेतच, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून काही मुलं बसतात, पण ज्याला चित्र "येत नाही" त्याचं काय? बघायला तर त्यालाही शिकायचंय. सुंदर काढलं का याला मार्क नकोत, काय काय दिसलं ते विचारा.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, टाइमटेबल त्याआधी बनतं. चित्रकलेचा तास शेवटचा लावू नका, आणि लावला तर तो काढून घेऊ नका, मुख्याध्यापकांना एवढीच विनंती. सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे आपलं म्युझियम, १८६३ पासून आपल्या गावात आहे, तिथे एक वर्ग, एकच मूर्ती, सोबत कागद-पेन्सिल, एवढं पुरतं. यंदा माझे विज्ञानाचे दोन तास देऊन मी मुलांना नेणार आहे, चित्रकलेचे सर येतो म्हणालेत.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर